वरची पायरी

"साहेब, नारू झालेल्या माणसानं विहिरीत पाय बुडवला तर काय होतं?"

हे मी विचारलं. देवळापुढच्या सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, सगळा गाव बसलेला असताना, उभी राहून, हात पाठीशी बांधून, शाळेत विचारतात तसं खणखणीत विचारलं. समोर गावकार गंगाराम बसलेले, शेजारी रामा गुरव, त्यांच्या मागे बाबा. बायका पडवीत, खांबांना टेकून. आणि उभी अशी एकटी मी.

पैज लागली होती. सहाणेवर येताना माझ्याबरोबरची हौसा म्हणाली, "येवडी सातवीतली म्हनवतेस, तर त्या सायबाला चार लोकांत काय तरी इचारून दाव." राहीनं वर चढवलं, "इचारलंस तर वीस आठळा. भाजलेल्या. न्हायतर तू देयाच्या."

फणसाच्या वीस आठळांसाठी मी कुणालाही काहीही विचारलं असतं. शिमग्याच्या आधी आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेत तपासणीला डिपोटी आले होते, तेव्हा जिल्ह्याचे सगळे तालुके मी एका दमात म्हणून दाखवले होते आणि त्यांनी मला शिसपेन्सिल बक्षीस दिली होती. त्या दिवसापासून मी चालत नव्हते, उडत होते. गावात सातवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच पोरगी. मला कसली भीती?

आणि हाच प्रश्न का सुचला, तर आयेमुळे. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या डाव्या घोट्याला फोड आला, फुटला आणि त्यातून नारूचं पांढरं तोंड डोकावलं. पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा भाजतो म्हणायची. पाणी भरायला गेली की विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायची, मग तिला बरं वाटायचं. नारूवाले सगळे तसंच करत. मला वाटलं, साहेब म्हणतील, पाय थंड पडतो.

साहेब म्हणजे बोर्डाचे आरोग्य-इन्स्पेक्टर. उन्हानं लालबुंद झालेला बारीकसा माणूस. त्यांनी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं होतं आणि मघापासून ते एकेकाला भिंगातून बघा म्हणत होते. कुणी बघत नव्हतं. गावकार म्हणाले होते, "आमी जल्मभर प्यालाव तां पानी. त्यात काय बगायचं?"

माझा प्रश्न ऐकून साहेबांचा चेहरा उजळला. "शाबास! ये इकडे."

मी भिंगाला डोळा लावला. पाण्यात बारीक पिसवा टुणटुण उडत होत्या.

"नारूचं तोंड पाण्याला लागलं की तो दुधासारखं काहीतरी सोडतो," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागले. "त्यात त्याची हजारो पिल्लं. ती पिल्लं ह्या पिसवांच्या पोटात जातात. पिसवा तुमच्या घागरीत येतात, घागरीतून पोटात. वर्षानं पोटातला नारू पायातून बाहेर पडतो. म्हणजे आज जो विहिरीत पाय बुडवून बसतो, तो पुढच्या वैशाखात सगळ्या गावाला नारू वाटतो. कळलं?"

मला कळलं. सगळ्या गावाला कळलं. पडवीतल्या बायकांच्या माना एकामागून एक वळल्या. आये शेवटच्या खांबाशी बसली होती. डाव्या घोट्यावर एरंडाचं पान बांधलेलं, आणि पानाखालून नारू गुंडाळलेली माडाच्या झावळीची काडी, हीर, बाहेर आलेली. तिनं लुगड्याचा काठ ओढून पाय झाकला. पण लुगडं तोकडं होतं.

"म्हंजे येसूनं आमाला मारलान," सगुणाकाकी म्हणाली. ती आमची शेजारीण, दगडी गडग्यापलीकडची. "रोज बसायची. मी माज्या डोळ्यांनी बगितलंय."

साहेब हात हलवत म्हणाले, "बाई, एकीचा दोष नाही, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनीच केलं. उपाय सोपा आहे. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा. कुणाचा पाय पाण्याला लागायलाच नको. बोर्ड करून देईल. मी येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारी येतो. गावानं कागदावर अंगठे दिले तर काम तुमचं, नाहीतर दुसऱ्या गावाचं."

ते बैलगाडीत बसून गेले. भिंग गेलं, पेला गेला. गाव तिथंच बसून राहिला.

मी राहीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

*

पायऱ्या बुजवायच्या तर शिमग्यात देवीची पालखी पाण्याला कशी उतरायची? गावकारांनी हे विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कौल लावायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामा गुरवानं देवीच्या पाषाणाला ओल्या बोटानं दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. पायऱ्या बुजवायच्या नाहीत.

मग गावकारांनी दुसरं विचारायला लावलं. येसूच्या घरानं विहिरीत उतरावं की नाही?

बाबा डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून उभे होते. माझे बाबा काशीराम, चार माणसांचं ओझं एकटे उचलणारे, आणि तेव्हा त्यांची बोटं मुंडाशाचा शेव चुरगळत होती. मी पाकळीकडे टक लावून बघत होते. गाभाऱ्यात वारा नव्हता. पाकळी हळूच सुटली.

डावी.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "साळंत जाऊन ह्येच शिकलीस?"

आयेनं मला जेवायला वाढलं, रोजच्यापेक्षा जास्त वाढलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

*

वैशाखात ओढा, आमचा वहाळ, कोरडा असतो. नुसते गोटे. बाबांनी आणि मी वळणावर, जांभळीच्या मुळाशी, कमरेएवढा खड्डा खणला. तळाला ओल आली. मग वाट बघायची. करवंटीनं निवळ पाणी वरच्यावर काढायचं, गढूळ होऊ न देता घागरीत ओतायचं. एक घागर भरायला सकाळ जायची. घागर डोक्यावर घेऊन विहिरीवरूनच यावं लागे. मी येताना दिसले की बायकांचं बोलणं थांबे. दोर नसलेल्या त्या विहिरीत त्या गुडघाभर उतरत, घागर बुडवत, तिथंच चूळ भरत, पाय घासत. आणि मी त्यांच्या अंगावरून पाणी घेऊन जायची.

"सायबाच्या पोरी, भिंग आनलंस काय गो?" एकदा कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. सगुणाकाकी सगळ्यांत मोठ्यानं.

त्या संध्याकाळी आमच्या गडग्यावर फणसाच्या पानात गुंडाळलेल्या आठळा ठेवलेल्या मिळाल्या. मोजल्या नाहीत. खाल्ल्याही नाहीत. पैज जिंकलेली माणसं आठळा खातात.

मथुरा म्हातारी तेवढी रोज यायची. तिच्यासारखा नारू काढणारा हात चार गावांत नव्हता. ती आयेचा पाय मांडीवर घ्यायची, खोबरेल लावून चोळायची आणि हिरेवर नारूला एक वेढा द्यायची. एका दिवशी एकच. "ह्येला घाई चालत न्हाय," ती सांगायची. "तुटला तर इखार आतच ऱ्हातो. मग पाय सुजतो, माणूस जातं." वेढा देताना आये लुगड्याचा बोळा दातांत धरायची. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो जिवंत दोरा बोटभर बाहेर यायचा. मी बघत बसायची. भिंगाशिवाय.

पाचव्या दिवशी भाजावळ होती, भाताची रोपं लावायची दाढ भाजायची. बाबा झाडपाल्याचा कवळ पसरत होते, मी वर शेणी रचत होते. आये म्हणाली, "पानी मी आनतंय. तू तरी किती करशील?" नको म्हणेपर्यंत ती लंगडत वहाळाकडे गेलीसुद्धा.

तिची हाक ऐकून मी धावले. ती खड्ड्याच्या काठावर बसली होती. उतरताना करवंदीच्या जाळीत हीर अडकली होती. पायाला बांधलेलं काही उरलं नव्हतं. हीर जाळीत लोंबत होती, तुटलेल्या नारूच्या वेढ्यांसकट.

"बरं वाटतंय बग," आये म्हणाली. "भाजायचं थांबलं."

मथुरानं पाय बघितला, कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

*

दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. कातडी ताणून ताणून तकतकीत झाली, घोट्याभोवती जांभळी. अंगात ताप असा, की तिच्या कपाळावर ठेवलेलं फडकं वाळून कडक व्हायचं. ती मला ओळखायची, मधेच ओळखायची नाही. मला 'आये' म्हणून हाक मारायची. मग मात्र मी भ्याले. त्याआधी मी भ्याले नव्हतेच, असं मला तेव्हा वाटलं.

"सावर्ड्याला नेऊया," मी बाबांना म्हटलं. "बोर्डाचा दवाखाना हाय थयं."

"पाय कापतात," बाबा म्हणाले.

"न्हाय कापला तर?"

बाबांनी मथुराकडे बघितलं. ती म्हणाली, "माज्या हातातलं न्हाय आता, काशीराम."

बाबांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. बांबूचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर. मागचं कुणी घ्यायचं? बाबा गडग्याशी उभं राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. आजूबाजूच्या अंगणांतली माणसं आत गेली. मी बांबूखाली खांदा घातला.

सावर्डे दोन कोस. डोक्यावर ऊन, खाली तापलेला कातळ. दर शंभर पावलांना मी "बाबा, टेकवा" म्हणायची. घोंगडीतून आयेचं कण्हणं यायचं, ते थांबलं की मी आणखी घाबरायची आणि हाक मारायची. आणि तेव्हाच, कातळ चढताना, माझ्या उजव्या पायाला घोट्यापाशी खाज सुटली. करवंदीचा काटा असेल म्हणून मी दुसऱ्या टाचेनं खाजवलं. खाजेचं भाजणं झालं.

मला माहीत होतं. लगेच माहीत झालं. पण बांबू खांद्यावर होता.

चढ संपला तिथं मागून कुणीतरी धापा टाकत आलं आणि माझ्या खांद्यावरचा बांबू उचलला. सगुणाकाकीचा घो, बाबल्याकाका. म्हणाले, "पोरी, फुडं हो. वाट दाव."

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघून नुसता सुस्कारा टाकला. आयेला आत नेलं. दार लोटलं. आतून तिची किंकाळी आली तेव्हा बाबांनी माझा हात धरला. बराच वेळ गेला. मग डॉक्टर बाहेर आले, कोपरापर्यंत हात धुतलेले.

"पू काढला. पाय राहील. उद्या आणला असतात तर गुडघ्याखालून कापावा लागला असता, परवा आणला असतात तर आणायचं कारण नव्हतं. दोन दिवस इथं ठेवा."

बाबा राहिले. बाबल्याकाका आणि मी परत आलो. वाटेत ते म्हणाले,

"मागल्या वर्साला सगुणाच्या पायात व्हता नारू. ठावं हाय ना तुला?"

"हाय," मी म्हटलं.

"ती पन बसायची. त्याच पायरीवर."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटी. फोड आला होता, बोराएवढा, पाणी भरलेला. त्याच्याभोवती आग. कुणी जळतं लाकूड घोट्याला लावून धरलंय आणि काढतच नाही, असं. मी पाय शेणाच्या जमिनीवर टेकवला, मडक्याला लावला, चुलीतल्या गार राखेत खुपसला. घागरीत तळाला दोन ओंजळी पाणी होतं, ते रात्रीच्या पेजेचं. वहाळातला खड्डा आटला होता.

मी विहिरीवर गेले. दुपारचं तिथं कोणी नसतं.

आमच्या विहिरीला तीन बाजूंनी जांभ्याची भिंत, चौथ्या बाजूनं सतरा पायऱ्या. मी त्या उतरले. देवीनं नको म्हटलेलं असताना उतरले. खाली गारवा होता. पाणी हिरवं, शांत. शेवटच्या पायरीवर आयेच्या बसण्याची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. आयेच्या आधी सगुणाकाकीची. तिच्या आधी आणखी कुणाची.

मी तिथं बसले. पाय सोडला. पाण्यात नाही, पाण्यावर, बोटभर वर. पाण्याचा गारवा तळव्याला लागत होता. एवढंच. खाली केलं की झालं. कोण बघतंय?

मांडी थरथरायला लागली. मी दोन्ही हातांनी गुडघा धरला. मला त्या पिसवा दिसत नव्हत्या, पण त्या वर तोंड करून बसल्यात असं वाटत होतं. मी मोठ्यानं तालुके म्हणायला लागले. दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर... विहिरीतून ते परत येत होते.

"सखू?"

राही घागर घेऊन पायऱ्या उतरत होती. माझ्याशेजारून पाण्यात गेली, पोटऱ्या भिजल्या, आणि नेहमीसारखी ओंजळ भरून तोंडाशी नेली.

"पिऊ नको!"

ती दचकली. पाणी सांडलं. मग तिला माझा घोटा दिसला. ती बघतच राहिली. नंतर तिनं माझा चेहरा बघितला.

"बुडवलास?"

"न्हाय."

"देवीची आण?"

"देवीची आण."

राही जवळ आली, हळू बोलली, "लय भाजतंय?" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मग बुडव ना गो. थोडा वेळ. मी कोनाला न्हाय सांगनार. माजी आये पन म्हनते, बुडवल्याबिगर जीव ऱ्हात न्हाय."

ती माझी जिवाची मैत्रीण. तिनं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं असतं, आणि पुढच्या वैशाखात तिच्याच पायातून ते बाहेर आलं असतं, आणि ती इथंच येऊन बसली असती. मला भीती वाटली ती त्या फोडाची नाही. बुडवणं किती सोपं होतं, त्याची.

मी पाय वर ओढला आणि सतरा पायऱ्या ढुंगणावर घसटत, हातांनी वर चढले. राही मागून रडत आली. तिची घागर रिकामीच होती.

"उद्या कुटं भरशील?" मी वर पोचल्यावर विचारलं.

"हितंच. आनि कुटं?"

मी विहिरीच्या भिंतीवरून खाली बघितलं. तीन बाजूंना भिंत. दोर टाकला तर सरळ पाण्यात.

*

रविवारी संध्याकाळी बाबा आणि बाबल्याकाका आयेला घेऊन आले. पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी. ताप नव्हता. चेहरा एवढासा झाला होता, पण ती मला सखूच म्हणाली. बाबांनी तिला पडवीत निजवलं, गाईसाठी वळायला घेतलेला सुंभाचा दोर पुढे ओढला आणि मांडीवर वळायला बसले. त्यांना हात रिकामे ठेवता येत नाहीत.

"उद्या सायब येनार," बाबा म्हणाले. "गावकार म्हनतात, अंगठा कोनी देयाचा न्हाय. देवीचा सबूद मोडता येत न्हाय."

मी दिवा आणला आणि आयेच्या उशाशी ठेवला. मग उजवा पाय त्या उजेडात पुढे केला. फोड दुपारीच फुटला होता. मधोमध पांढरं टोक होतं.

आयेनं तोंडावर हात ठेवला. बाबांच्या हातातला दोर थांबला.

"कदी?" बाबा म्हणाले. "डोली उचलताना व्हतं?"

"व्हतं."

"आनि विहिरीत..." आयेनं विचारलं.

"न्हाय बुडवला. गेले व्हते. पन न्हाय बुडवला."

आयेनं माझा पाय धरला, नारूच्या वर, जपून. उभं राहून सांगायचं होतं म्हणून मी उभीच राहिले. हात पाठीशी बांधले, कारण पुढे ठेवले तर ते कापताना दिसले असते.

"बाबा, तो दोर मला द्या. गाईला दुसरा वळा. उद्या उजाडताच मी विहिरीवर जानार हाय. वरच्या पायरीवर बसनार, पाय आडवे टाकून, नारू दिसंल असे. ज्याला खाली उतरायचं त्यानं मला वलांडून जावं. न्हायतर ह्या दोरानं भिंतीवरून पानी काढावं, मी काढून देईन, सगुणाकाकीला पयलं. देवीनं सांगितलंय पायऱ्या बुजवायच्या न्हायत. मी कुटं बुजवतंय? मी नुसती बसनार. सायब येईपर्यंत बसनार, आनि न्हाय आले तरी बसनार."